नसलेल्या मुलांसाठी सही

आदरणीय फादर, सिस्टर, आणि विवाहपूर्व शिबिरांत 'सुखी संसार' हा तास घेणाऱ्या काका-काकूंनो,

सप्रेम नमस्कार.

मी हिंदू घरातली, नवरा कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांची रीतसर परवानगी काढून. चर्च कुठलं, धर्मप्रांत कुठला, ते या पत्रात सापडणार नाही. मला कुणा एका फादरांची तक्रार करायची नाही. वसईपासून श्रीरामपूरपर्यंत जिथे जिथे मराठीतून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते आणि लग्नाआधी मुलामुलींना दोन-तीन दिवस बाकांवर बसवून शिकवलं जातं, तिथल्या सगळ्यांशीच मला बोलायचंय, मूल होऊ न शकणाऱ्यांच्या लग्नाबद्दल.

एका कागदापासून सुरुवात करते.

शिबिराचा दुसरा दिवस. जेवण झालेलं, पंखे फुल, अर्धी जोडपी पेंगुळलेली. नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा तास होता. एका काकूंनी आखलेले कागद वाटले. तारखांचे रकाने, रोजचं तापमान लिहायला जागा, स्रावाच्या खुणा करायला चौकोन. काकू म्हणाल्या, "मुलींनो, मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आठवून भरा बघू." आजूबाजूची पेनं चालू लागली. माझी पाळी एकोणतिसाव्या वर्षी बंद पडली होती, शिबिराला बसले तेव्हा एकतिसावं चालू होतं. कागद कोरा ठेवला तर चाळीस जणांत विचारणार, "काय गं, आठवत नाही?" म्हणून मी तारखा भरल्या. गॅस सिलिंडर बुक केल्याच्या. त्या मोबाइलमध्ये होत्या. काकू फिरत फिरत आल्या, चष्म्यावरून कागद पाहिला आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "छान, अगदी नियमित आहे हो तुझं."

हा शेजारी बसला होता. त्याला हसू आवरेना, मला रडू.

मला जे झालंय त्याला डॉक्टर अकाली रजोनिवृत्ती म्हणतात. दोनदा रक्त तपासलं. एफएसएच हे हार्मोन वर गेलेलं, अंड्यांचा साठा दाखवणारं एएमएच जवळजवळ नाहीच, सोनोग्राफीत अंडाशयं आकसलेली. कारण सापडलं नाही. बऱ्याच जणींच्या बाबतीत सापडत नाही म्हणे. डॉक्टर 'कधीच नाही' असं म्हणत नाहीत, 'फार आशा धरू नका' म्हणतात. लग्नाचा विषय निघाला त्याच आठवड्यात मी ह्याला फाइल दिली. हा बँकेत कर्जाच्या फाइली बघतो, त्यामुळे कागद अर्धवट वाचायची सवय नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचून त्याने विचारलं, "हाडांचं काय मग? कॅल्शियम चालू केलंस का?" माझ्या बाजूने लग्न तिथेच ठरलं.

तुमच्या ऑफिसात मिश्र विवाहाचा अर्ज भरायला गेलो तेव्हाही आम्ही काही लपवलं नाही. लपवायचं नाही, हे ह्याचंच म्हणणं. तिथले फादर वाईट माणूस नव्हते. चहा मागवला, माझ्या आईवडिलांची चौकशी केली. मग म्हणाले, "मुलं होणारच नसतील तर विवाहाचा हेतू काय उरला? मी बिशपांकडे परवानगी कशाच्या आधारावर मागू? त्यातून तुमचा बाप्तिस्माही झालेला नाही." उठता उठता आणखी एक: "मूल होऊ शकतं असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू."

असं सर्टिफिकेट जगातला कुठलाही डॉक्टर देणार नाही. वीस वर्षांच्या धडधाकट मुलीलाही नाही.

तीन महिने गेले. हॉलचे दिलेले पैसे बुडाले. माझे बाबा विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावायला निघाले होते, आणि खरं सांगायचं तर माझी काही हरकत नव्हती. ह्याची होती. आजीने बोट धरून ज्या चर्चमध्ये नेलं तिथूनच आपल्याला 'तुमचं लग्न बसत नाही' असं सांगितलं जावं, हे त्याला पटत नव्हतं. रागही धड येत नव्हता. नुसता गप्प झाला होता.

मग एका मित्राने लांबच्या गावच्या एका निवृत्त फादरांकडे पाठवलं. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकलेले, गुडघे दुखणारे, बोलायला तिखट. त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि कलम १०८४ वर बोट ठेवलं. कलमाला तीन भाग आहेत. तिसरा त्यांनी मराठीत सांगितला: वंध्यत्व विवाहाला आड येत नाही, आणि झालेला विवाह वंध्यत्वापायी रद्दही ठरत नाही.

संपलं. आमचे तीन महिने या एका ओळीअभावी गेले होते.

आता, फादर, तुम्ही म्हणाल की हे आम्हाला सेमिनरीत शिकवलेलं असतं. असेल. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या तोंडून ते आम्हाला ऐकायला मिळालं नाही. मला वाटतं यात थोडा आपल्या भाषेचाही हात आहे. त्याच कलमाचा पहिला भाग वेगळ्या गोष्टीबद्दल आहे: स्त्री किंवा पुरुष, कुणाचीही, शरीरसंबंधाचीच असमर्थता. ती लग्नाआधीपासूनची असेल आणि कायमची असेल, तर विवाह होत नाही. दुसरा भाग म्हणतो की या असमर्थतेबद्दल शंका असेल तर लग्न अडवायचं नाही. आपल्याकडे 'नपुंसक' आणि 'वांझ' हे दोन्ही शब्द एकाच सुरात, हळू आवाजात, दार लोटून घेऊन उच्चारले जातात. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात पडतात. कायद्याच्या डोक्यात ते दोन कप्पे आहेत आणि मधली भिंत पक्की आहे.

ही भिंत कायम इतकी स्वच्छ नव्हती, हेही त्या फादरांनीच सांगितलं. १५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी स्पेनमधल्या आपल्या राजदूताला पत्र पाठवलं की दोन्ही वृषण नसलेल्या पुरुषांची लग्नं होऊ देऊ नका. त्या पत्रातल्या दोन शब्दांचा, 'खरं वीर्य' म्हणजे नेमकं काय याचा, चर्चचे कायदेपंडित पुढे जवळजवळ चारशे वर्षं कीस पाडत बसले. नसबंदी झालेल्या पुरुषाचं लग्न होतं की नाही, हा प्रश्न त्यातूनच आला. रोमने १३ मे १९७७ ला त्यावर पडदा टाकला: संबंध होऊ शकत असेल तर पुरे, वीर्यात काय आहे ते बघायचं नाही. फादर हे सांगताना मिश्कील हसत होते. "चारशे वर्षं, पोरी," म्हणाले, "तुझे तीनच महिने गेले."

चर्चच्या कायद्याच्या १९१७ च्या जुन्या संहितेत मुलं होणं आणि त्यांना वाढवणं हा विवाहाचा पहिल्या क्रमांकाचा हेतू होता, बाकी सगळं दुय्यम. १९८३ च्या संहितेने ही उतरंड काढून टाकली. कलम १०५५ मध्ये पतिपत्नीचं भलं आणि मुलं, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. त्याआधी १९६५ मध्येच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, म्हणून ठेवलंय की खूप इच्छा असूनही मूल झालं नाही, तरी विवाह हा सगळ्या आयुष्याचा सहवास म्हणून टिकतो, त्याची किंमत कमी होत नाही. म्हणजे 'हेतू काय उरला' या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच घरात, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून लिहून ठेवलेलं होतं.

कायदा अडवतो तो वेगळ्या माणसाला. मूल होऊ शकतं, पण लग्नाच्या वेळीच मनाशी पक्कं ठरवलंय की या लग्नात मूल कधीही येऊ द्यायचं नाही, अशा माणसाचा विवाह कलम ११०१ मध्ये अडतो. इच्छा नसणं आणि क्षमता नसणं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आमच्या बाबतीत क्षमता नव्हती आणि इच्छा इतकी होती की विचारू नका.

कलम १०९८ मात्र शिबिरात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. लग्न जुळावं म्हणून जाणूनबुजून फसवलं, आणि जे लपवलं ते संसार खोलवर ढवळून काढणारं असेल, तर तो विवाह वैध नाही. १९८३ च्या संहितेत हे कलम नवं आलं, आणि वंध्यत्वाच्या ओळीतच त्याची आठवण करून दिलेली आहे. थोडक्यात, वंध्यत्वाने लग्न मोडत नाही, ते ठाऊक असून लपवल्याने मोडू शकतं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. माझ्या सख्ख्या मामींनी सल्ला दिला होता, "आत्ता बोलू नकोस, लग्नानंतर तपासणीत निघालं म्हणायचं." त्यांनी तो प्रेमापोटीच दिला. असाच सल्ला तुमच्या धर्मग्रामातल्या किती आया मुलींना, आणि हो, मुलांनाही, देत असतील, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. मुलांना, यासाठी म्हटलं की पुरुषाचा दोष असतो तिथे तर तपासणीच होत नाही. आमच्याकडेही माझी फाइल दोन इंच जाड, ह्याची एक चिठ्ठी, तीही ह्याने हट्टाने करवून घेतली म्हणून.

आणि अटीचं लग्न. ह्याच्या एका काकांनी मध्यममार्ग काढला होता: "करा लग्न, दोन वर्षं बघा, नाहीच झालं तर चर्चमधून रद्द करून घेता येतं." काकांना हे कुणी सांगितलं देव जाणे, पण मी ते नंतर आणखी तिघांच्या तोंडून ऐकलंय, म्हणजे हवेत आहे. कलम ११०२ म्हणतं की भविष्यातल्या कुठल्याही अटीवर केलेला विवाह वैधच नसतो. 'मूल झालं तर तू माझी' असं मनात धरून माणूस वेदीसमोर उभा राहिला तर तो लग्न करतच नाहीये. काकांचा मध्यममार्ग म्हणजे रस्ताच नाही. हे एकदा रविवारच्या प्रवचनात सांगा. लोक जागे राहतील.

त्या म्हाताऱ्या फादरांच्या चिठ्ठीनंतर आमचा अर्ज पुढे सरकला. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न म्हणजे कलम १०८६ चा अडसर, त्यातून बिशपांनी सूट द्यावी लागते, आणि त्यासाठी कॅथलिक बाजूने दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात. आपली श्रद्धा सोडणार नाही, ही एक. होणाऱ्या सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत म्हणून आपल्याला शक्य ते सगळं करीन, ही दुसरी.

ह्याने पहिल्या ओळीखाली सही ठोकली. दुसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं. 'सर्व मुलांचा.' टेबलावर काच होती, काचेखाली जुनी कॅलेंडरं आणि सेंट अँथनीचं चित्र. पेनाची सावली त्या चित्रावर पडली होती, एवढं मला आठवतं. ऑफिसातल्या बाईंना वाटलं तो वचन द्यायला कचरतोय. त्या मला म्हणाल्या, "तुमचा विरोध आहे का?" मी काय सांगणार? माझा विरोध नव्हता. ज्यांच्यासाठी सही चालली होती ती येणार नव्हती, आणि हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्याने सही केली. वळणदार, नेहमीच्या सहीपेक्षा मोठी.

मग कागद माझ्यापुढे सरकवून बाई म्हणाल्या, "तुम्हीही वचन देताय, इथे सही." इथेही चुकीचं सांगितलं गेलं. बिगर-कॅथलिक जोडीदाराकडून लेखी हमी घेण्याची जुनी पद्धत पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्येच बंद केली. आता कलम ११२५ एवढंच मागतं की कॅथलिक जोडीदाराने काय वचन दिलंय हे दुसऱ्याला नीट समजावून सांगावं, आणि विवाह म्हणजे काय हे दोघांनाही कळावं. माझी सही 'मला कळवलं' एवढ्यापुरती. वचन देणं आणि कळणं यांत फरक आहे, आणि माझ्या आईसारख्या बाईच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. 'पोरीने धर्म लिहून दिला' म्हणून ती आठवडाभर जेवली नव्हती. तिला खरं काय ते सांगायला सासरचं कुणी नव्हतं, आणि मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आईचं दुःख आणखी एका गोष्टीचं होतं, तेही लिहिते, कारण तुमच्यापर्यंत ते पोचत नसेल. आमच्या नात्यात बोललं गेलं की मुलीत दोष होता म्हणून ख्रिश्चनाला देऊन टाकली. ह्याच्या नात्यात बोललं गेलं की पोराला आपल्यात मुलगी मिळाली नाही का, आणि मिळवली ती पण अशी. दोन्हीकडच्या लोकांचं एकमत व्हायला आम्हीच कारणी लागलो.

सासूबाईंना ह्याने आधीच सांगितलं होतं. त्या वर्षी सप्टेंबरात त्या मला माउंट मेरीच्या जत्रेला घेऊन गेल्या. वांद्र्याच्या त्या चढावर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात: हात, पाय, डोळे, हृदय, घर, आणि बाळ. बाळ घेणाऱ्यांत मंगळसूत्रवाल्या, बुरखेवाल्या, झग्यातल्या, सगळ्या असतात. माउलीसमोर कुणी कुणाला धर्म विचारत नाही. सासूबाईंनी एक मेणाचं बाळ उचललं. माझ्याकडे बघितलं नाही. थोडा वेळ तळहातावर ठेवलं, मग दुकानदाराला परत देऊन त्याच किमतीचं घर घेतलं. वर वेदीपाशी जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तालमीला त्या म्हाताऱ्या फादरांनी, हो, शेवटी लग्न लावायला तेच आले, आम्हाला बाजूला घेतलं. विधीत वधूवरांना संमतीआधी तीन प्रश्न असतात. मनापासून आलात का, आयुष्यभर साथ द्याल का, आणि देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकाराल का. तिसरा प्रश्न परिस्थिती बघून गाळता येतो, तशी मुभा विधीच्या पुस्तकातच आहे. उदाहरण दिलंय ते उतारवयातल्या जोडप्यांचं. "तुमचं वय उतारलेलं नाही," फादर म्हणाले, "पण पुस्तक 'उदाहरणार्थ' म्हणतं. काय करू?" मी म्हटलं, गाळा. तिथे भरल्या चर्चमध्ये माझा आवाज फुटला असता.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाला आम्ही दोघांनी 'होय' म्हटलं आणि फादर सरळ पुढे गेले. मध्ये एक श्वास घेतला असेल नसेल. कुणाला काही कळलं नाही. जेवणाच्या पंगतीत मात्र ह्याची थोरली आत्या, जिला सगळा विधी पाठ आहे, फणसासारखं तोंड करून म्हणाली, "फादर म्हातारे झाले आता. एक प्रश्न विसरलेच."

विसरले नव्हते, आत्या.

तुम्ही प्रवचनांत हन्नाची गोष्ट सांगता. मला ती लग्नानंतर कळली, बायबल हातात घेतलं तेव्हा. मूल नाही म्हणून हन्ना देवळात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज नाही. दाराशी बसलेला याजक एली तिच्या तोंडाकडे बघत राहतो आणि ठरवतो की बाई प्यायलेली आहे. तिला हटकतो, दारू उतरव म्हणतो. ती सांगते, महाराज, मी प्यायले नाही, मी दुःखी आहे. मग एलीला चूक कळते आणि तो आशीर्वाद देतो. फादर, ही गोष्ट तुम्ही नेहमी हन्नाच्या बाजूने सांगता. एकदा एलीच्या बाजूने सांगून बघा. देवळाच्या दाराशी बसलेल्या माणसाला निपुत्रिक बाईकडे बघून काय दिसतं, आणि विचारल्याशिवाय तो काय ठरवून टाकतो.

आणखी एक. हन्नाला शेवटी शमुवेल होतो. साराला इसहाक, एलिझाबेथला योहान. तुमच्या प्रवचनांतल्या सगळ्या वांझ बायकांना शेवटी मुलगाच होतो. ज्यांना झाला नाही त्यांची नावं प्रवचनांत कुणी घेत नाही. पुण्यात सावित्रीबाई होत्या म्हणून तरी बरं. मूल झालं नाही, यशवंतला दत्तक घेतलं, आणि आज त्यांची ओळख सांगताना कुणी आधी 'निपुत्रिक' म्हणत नाही.

टेस्ट ट्यूब बाळाबद्दल थोडं, कारण शिबिरात तो विषय सगळ्यांनी टाळला. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर सहा-सात महिन्यांत, फेब्रुवारी १९८७ मध्ये, रोमचं 'दोनुम विते' हे पत्रक आलं: पतिपत्नीच्या मिलनाला मदत करणारे उपचार चालतील, मिलनाच्या जागी प्रयोगशाळा आणणारे चालणार नाहीत. म्हणजे गोळ्या, इंजेक्शनं, बंद नळी उघडायचं ऑपरेशन, यांना चर्चची ना नाही. आयव्हीएफला आहे, आणि दुसऱ्या बाईचं बीज घेऊन केलेल्या आयव्हीएफला तर जास्तच. मला डॉक्टरांनी सांगितलेला उपाय नेमका हा शेवटचा होता. मला चर्चचं हे म्हणणं सगळं पटत नाही. ज्या मैत्रिणींना आयव्हीएफने मुलं झाली त्यांच्याकडे बघून मी 'हे पाप' असं म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. पण त्याच पत्रकात एक विचार आहे की मूल हा कुणाचा हक्क नाही, ते देणं आहे. क्लिनिकमधली मुलगी मला हप्त्यांची योजना समजावत होती, आमचे नातेवाईक 'काहीही करा पण एक होऊ द्या' म्हणत होते, तेव्हा 'तुला मूल झालंच पाहिजे असं नाही' हे म्हणणारी एकच जागा मला सापडली, आणि ती रोममध्ये होती. हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय.

मागणं इतकंच आहे की हे लग्नाआधी सांगा. मिश्र जोडप्यातल्या दुसऱ्याला तर खासच सांगा. माझ्यासारखीला हे नियम पाळण्याचं बंधन नाही, पण ती ज्याच्याशी लग्न करतेय त्याला आहे, आणि चार वर्षांनी क्लिनिकच्या पायरीवर त्याने अचानक मान हलवून नाही म्हणावं, हे अन्यायाचं आहे.

दत्तकाबद्दलही आम्हाला त्याच ऑफिसात ऐकवलं होतं, "ख्रिस्ती कायद्यात दत्तक नाही, नुसतं पालकत्व मिळतं." एकेकाळी खरं होतं. हिंदूंना १९५६ चा दत्तक कायदा होता, ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८९० चा पालकत्वाचा. मूल सज्ञान झालं की नातं कायद्याच्या दृष्टीने संपलं. बाल न्याय कायद्याने ते बदललं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की धर्म कुठलाही असो, या कायद्याने दत्तक घेता येतं. आमच्यासारख्या दोन धर्मांच्या जोडप्याला हाच रस्ता. फक्त स्थिर संसाराची दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आमची झाली. 'कारा', म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी केली. घरी पाहणीला आलेल्या समाजसेविकेने स्वयंपाकघर बघितलं, ह्याची पगाराची स्लिप बघितली, भिंतीवर शेजारी शेजारी असलेला क्रूस आणि माझ्या आईने दिलेला गणपती बघितला आणि काही लिहून घेतलं. काय ते विचारायचं धाडस झालं नाही.

कलम ११० प्रमाणे, कायद्याने दत्तक घेतलेलं मूल चर्चच्या दृष्टीनेही त्या आईबापांचंच मूल असतं. म्हणजे काचेच्या टेबलावर ह्याने केलेली ती मोठी सही वाया गेलेली नाही, ती अजून कुणाची तरी वाट बघतेय. त्यावर आमचं दोघांचं बोलणं अजून चालू आहे. 'शक्य ते सगळं करीन' यात ह्याचं शक्य किती आणि माझं किती, हे आम्ही रात्री भांडी घासता घासता ठरवत असतो. भांडणही होतं. तो आमच्या घरचा प्रश्न आहे आणि घरातच सुटेल.

तुमच्याकडून मला अर्धा तास हवाय. प्रत्येक शिबिरात, कुटुंबनियोजनाच्या तासाच्या आधी. कलम १०८४ चा तिसरा भाग मराठीत मोठ्याने वाचा, १०९८ त्याला जोडून वाचा, आणि अटीच्या लग्नाबद्दल त्या काकांसाठी दोन वाक्यं बोला. ऑफिसात अर्ज घेणाऱ्यांना सांगा की डॉक्टरचं सर्टिफिकेट मागायचं नाही. बोलायला माणूस हवा असेल तर आम्ही दोघं येऊ. भाडं नको, जेवण मिळालं तर नाही म्हणणार नाही.

आणि तारखांचा तो कागद पुन्हा छापाल तेव्हा खाली एक चौकोन टाका: 'हा तक्ता मला लागू नाही.' खूण केली की कुणी कारण विचारायचं नाही.

त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. सिलिंडर अजूनही नियमित लागतो.

आपली,
तुमच्यातल्याच एका घरची सून